कोकण रेल्वेचा हात लावायचा नकाशा : वीजवाहक रंगाच्या निवडीच्या नोंदी

११ मे २०२४

शाळेच्या वाचनालयासाठी कोकण रेल्वेचा भिंतीवरचा नकाशा करून द्यायचं कबूल केलंय. बाईंची अट एकच: "मुलं हात लावणारच आहेत, तर हात लावायचाच नकाशा करा." वाचनालयात प्लग एक आणि तो पंख्याला दिलेला, म्हणजे अडॅप्टर बाद. सगळं सीआर२०३२ या बटण सेलवर चालायला हवं. तीन व्होल्ट, क्षमता साधारण २२० मिलिॲम्प-तास, आणि सेल असा की त्याच्याकडून दहा-पंधरा मिलिॲम्प सलग मागितले तरी व्होल्टेज कोसळायला लागतं.

रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर. प्रमाण १ सेंटिमीटरला १० किलोमीटर धरलं की रुळांची रेघ ७४ सेंटिमीटर होते. नकाशा कागदावर छापून ३ मिलिमीटरच्या एमडीएफवर चिकटवायचा. फ्लेक्सवर छपाई स्वस्त पडते, पण त्याच्यावर पाण्याचा रंग धरत नाही.

कल्पना अशी की रुळांची काळी रेघ वीजवाहक रंगानेच काढायची. कार्बनचा रंग मुळात काळाच असतो, वेगळा रंगवायला नको. स्टेशन दाबलं की तिथला एलईडी लागेल आणि सगळ्यांचा परतीचा मार्ग ही रेघच असेल. कागदावर तरी झकास दिसतंय.

सुताराकडे एमडीएफ कापायला दिला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "रंगातसून करंट जाता? मगे घराक रंग काढलो की वायरिंगच नको!" हसलो, पण सगळा प्रश्न तोच आहे. किती करंट?

१३ मे

रंगांची चौकशी. बाजारात छंदवाल्यांना मिळण्याजोगे चार प्रकार.

कार्बन: पाण्यात कालवलेला, वास नाही, हात धुतले की जातो. यातला सगळ्यात माहितीतला म्हणजे लंडनच्या बेअर कंडक्टिव्हचा इलेक्ट्रिक पेंट. त्यांचा आकडा ५० मायक्रॉन जाडीला ५५ ओहम प्रति चौकोन.

निकेल: ॲक्रिलिकमध्ये निकेलची पूड. मुख्यतः प्लास्टिकच्या डब्यांना आतून शिल्डिंगसाठी मारतात. एक ओहम प्रति चौकोनाच्या आसपास.

चांदी: सर्वांत चांगला आणि सर्वांत महाग. प्रति चौकोन ओहमचे शंभरातले काही भागच. गाडीच्या मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या तुटलेल्या रेघा जोडायला जी इवलीशी बाटली मिळते ती याच जातीतली, म्हणून कार ॲक्सेसरीजच्या दुकानातही विचारावं.

तांब्याच्या पुडीवर चांदीचा मुलामा दिलेलाही एक असतो. नुसत्या तांब्याचा रंग घेऊ नये. तांब्याच्या कणांवर ऑक्साइड चढतो, तो वीज नेत नाही, आणि आज चालणारी रेघ काही महिन्यांनी मुकी होते. चांदी काळी पडली तरी बराच काळ चालते.

"ओहम प्रति चौकोन" हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे. एका जाडीच्या रंगाचा चौकोन केवढाही काढा, एक सेंटिमीटरचा की एक मीटरचा, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत रेझिस्टन्स तेवढाच. लांबी दुप्पट झाली तर रुंदीही दुप्पट होते. म्हणून रेघेची लांबी भागिले रुंदी करायची, किती चौकोन बसतात ते पाहायचं आणि आकड्याने गुणायचं. माझी रेघ ७४० मिलिमीटर लांब, ८ मिलिमीटर रुंद. साडेब्याण्णव चौकोन. ५५ ने गुणले तर ५ किलोओहमच्या वर. छापील सर्किट बोर्डावरचं ३५ मायक्रॉनचं तांबं याच हिशेबात अर्धा मिलिओहम प्रति चौकोन पडतं, म्हणजे कार्बनच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास. ज्यांना रंगाची वायर हवी असते त्यांनी हा आकडा आधी पाहावा.

१८ मे

नमुने. नकाशाचाच कागद एमडीएफच्या तुकड्यावर चिकटवला आणि मास्किंग टेप लावून १० सेंटिमीटर बाय १ सेंटिमीटर अशा पट्ट्या काढल्या. म्हणजे प्रत्येकी दहा चौकोन, वाचन भागिले दहा. रात्रभर वाळवल्या.

कार्बन, एक हात: ९०० ओहम. दोन हात: ४८०. दुसऱ्या हाताने जवळजवळ निम्मं होतं, जाडी वाढते एवढंच त्याचं कारण. तिसऱ्या हाताला रेघ उंचवटा धरते आणि कडेला तडकते.

निकेल: ९ ओहम. डबी नीट ढवळावी लागते. निकेल पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड, सगळी पूड तळाशी जाऊन बसते आणि वरवरचा रंग लावला तर तो दिसायला निकेल आणि वागायला वॉर्निश. शिवाय थिनरचा वास डोक्यात जातो, खिडकी उघडी हवीच.

चांदी: मल्टिमीटर ०.६ दाखवतो, पण नुसत्या प्रोब एकमेकांना टेकवल्या तरी ०.३. अशा मोजणीला अर्थ नाही. म्हणून चार तारांची पद्धत. एलएम३१७ या रेग्युलेटर चिपला १२ ओहमचा रेझिस्टर लावून १०४ मिलिॲम्पचा स्थिर करंट पट्टीतून सोडला आणि मधल्या दोन ठिकाणी वेगळ्या प्रोबने व्होल्टेज मोजलं. ३१ मिलिव्होल्ट. म्हणजे ०.३ ओहम, प्रति चौकोन ०.०३. या मोजणीत प्रोबच्या स्वतःच्या रेझिस्टन्समधून जवळजवळ काहीच करंट जात नाही, म्हणून तो हिशेबात येत नाही.

ओल्या रंगाचं वाचन घेऊ नये. पाणी उडतं तसा बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट भाग) आकसतो, कण एकमेकांना भिडतात आणि आकडा उतरत जातो.

१९ मे

घरगुती रंगाचा विषय टाळता येत नाही, कारण विचारणारा प्रत्येक जण तोच विचारतो. कुलपात घालायची ग्रॅफाइटची पूड आणि फेव्हिकॉल, पाण्याने सैल केलेलं.

मापाने एकास एक: पट्टीचे ४० किलोओहम. दोन भाग ग्रॅफाइट, एक भाग फेव्हिकॉल: साडेसहा. तीनास एक: २.८, पण वाळल्यावर नखाने भुगा पडतो. कारण सरळ आहे. कण बाइंडरमध्ये पापडातल्या मिरीसारखे विखुरलेले असतील तर वीज जायला वाटच नसते. एका ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की कणाला कण लागून साखळ्या तयार होतात आणि रेझिस्टन्स एकदम खाली येतो. त्याहून पूड वाढवली तर धरून ठेवायला काही उरत नाही. विकतच्या रंगात हे गणित कुणीतरी आधीच बसवलेलं असतं, आपण त्याचेच पैसे देतो.

८बी पेन्सिल दाबून घासली तर २० किलोओहम. पेन्सिलीत ग्रॅफाइटबरोबर माती असते, त्याला इलाज नाही.

२५ मे

हार्डबोर्डच्या तुकड्यावर पुऱ्या मापाची कार्बनची रेघ, दोन हात. ४.५ किलोओहम भरले. लाल एलईडी आणि ४७० ओहम लावून एकेका ठिकाणी टेकवत गेलो. बॅटरी रोह्याच्या टोकाला.

रोह्याला ठणठणीत. रत्नागिरीला, म्हणजे साधारण वीस सेंटिमीटरवर, चालण्याजोगा. मडगावला मंद. ठोकूरला पडदा ओढून पाहिलं तेव्हा कळलं की लागलाय. हिशेबात बसतं. लाल एलईडी १.९ व्होल्ट घेतो, उरतात १.१, आणि पाच किलोओहममधून ते जेमतेम ०.२२ मिलिॲम्प ढकलतात. निळा किंवा पांढरा एलईडी तर लावायचाच नाही. त्यांना तीनच्या आसपास व्होल्ट लागतात, रंगासाठी काही शिल्लकच राहत नाही.

कार्बनवर वायफायवालं काही चालवायचा विचार करणाऱ्यांसाठी: ईएसपी३२ ही वायफायवाली कंट्रोलर चिप प्रसारण करताना दोनशे मिलिॲम्पच्या वर उसळी मारते. ५०० ओहमच्या रेघेतून ते न्यायला शंभर व्होल्ट लागतील. त्याच ईएसपी३२ च्या टच पिनला, म्हणजे स्पर्श ओळखणाऱ्या पिनला, मात्र कार्बनची रेघ बिनधास्त जोडा, तिथे करंट नाहीच म्हणावा इतका आहे आणि पाच-दहा किलोओहमने काही बिघडत नाही.

म्हणजे रंग चांगला की वाईट हा प्रश्नच चुकतोय. एकाच बोर्डावर दोन वेगवेगळी कामं आहेत, एक जाणीव घेण्याचं आणि एक दिवा लावण्याचं. दोन्हींना एक रंग कशाला?

२ जून

चांदीचा मोह होतोय, म्हणून तिची पावसाळी परीक्षा. दोन समांतर रेघा, मध्ये एक मिलिमीटर अंतर, तीन व्होल्ट, आणि फटीवर पाण्याचा एक थेंब. भिंगाखाली धरलं. थोड्याच मिनिटांत ऋण बाजूच्या रेघेला करडे कोंब फुटले. त्यांना फांद्या, फांद्यांना उपफांद्या, आणि सगळ्यांचं तोंड धन बाजूकडे. धन बाजूची चांदी आयन होऊन पाण्यात उतरते आणि पलीकडे जाऊन पुन्हा धातू होऊन बसते. एक फांदी पोचली आणि मीटरवरचा करंट उडी मारून वर गेला. शॉर्ट.

प्रत्यक्षात कुणी थेंब टाकणार नाही, पण कोकणातल्या जुलैत भिंतीला पाठ लावून असलेल्या बोर्डावर थेंबापेक्षा फार वेगळं काही नसतं. कीबोर्डच्या आतल्या प्लास्टिकच्या शीटवर चांदीच्या छापील रेघा असतात, आणि उघड्या ठिकाणी त्यांच्यावर कार्बनचा थर दिलेला असतो, तो काही शोभेसाठी नव्हे. निकेलवर हाच थेंबाचा प्रयोग अर्धा तास चालवला. पाणी किंचित हिरवट झालं, फांदी नाही.

चांदी फक्त सांध्यांना, थेंबाथेंबाने. ठरलं.

८ जून

रेघेचा रेझिस्टन्स लांबीबरोबर वाढतो हे पंचवीस तारखेला डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून तो कमी कसा करायचा हेच चाललंय. उलट करू. रेघेच्या दोन टोकांना तीन व्होल्ट द्यायचे आणि वरून धातूचं इंजिन फिरवायचं. इंजिनाला जे व्होल्टेज मिळेल ते थेट अंतर सांगेल. ७४ सेंटिमीटरचा पोटेन्शिओमीटर. इंजिन जिथे टेकवाल तिथलं स्टेशन पेटेल.

आता निवड आपोआप होते. ही रेघ चांदीची काढली तर पुरे तीन ओहमही भरत नाहीत, सेल मेला. निकेलची काढली तर ८३ ओहम, ३६ मिलिॲम्प, तेही नको. घरगुती ग्रॅफाइट ६० किलोओहम. सेल खूश, पण एटीटायनी८५ या छोट्या कंट्रोलर चिपच्या एडीसीला (व्होल्टेजचा ० ते १०२३ मधला आकडा करणाऱ्या भागाला) स्रोत १० किलोओहमच्या आत हवा असतो आणि रेघेच्या मध्यावर एकूण रेझिस्टन्सचा चौथा हिस्सा दिसतो, म्हणजे १५. विकतचा कार्बन साडेचार-पाच किलोओहम: करंट ०.७ मिलिॲम्पच्या आत, मध्यावर स्रोत सव्वा किलोओहम. अगदी नेमका.

दुसरा फायदा मोठा आहे. एडीसीचा संदर्भ सेलचंच व्होल्टेज ठेवायचा. मग सेल उतरला, रंगाचा रेझिस्टन्स हवेने वाढला, तरी गुणोत्तर तेच राहतं. फक्त रेघ सगळीकडे सारखी बदलायला हवी.

इंजिन उचललेलं असताना पिन लोंबकळू नये म्हणून १ मेगओहमच्या रेझिस्टरने शून्य व्होल्टला बांधायची. मग रोहा आणि "इंजिन नाही" या दोन्हींचं वाचन शून्यच येणार. रोह्याचं वाचन शून्याच्या वर उचलायला तिथे बाहेरून रेझिस्टर लावला तर तो दमट हवेत रंगाबरोबर बदलणार नाही. त्यापेक्षा रेघच रोह्याच्या वर पनवेलच्या दिशेने सात सेंटिमीटर वाढवली. रूळ खरोखरच तिकडे जातात, फक्त तो मार्ग मध्य रेल्वेचा. नकाशाही खोटा ठरत नाही. आता रोह्याचं वाचन १०२३ पैकी ८८ च्या आसपास यायला हवं, आणि एका पायरीला पाऊण किलोमीटरहून थोडं जास्त.

१५ जून

रंगवला. पेन्सिलीने रेघ, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, दोन हात, मध्ये चार तास. टेप दुसरा हात अर्धवट ओला असतानाच काढावा, नाहीतर कड उचकटते. एकूण ५.३ किलोओहम. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा या प्रमाणात साडेसहा मिलिमीटर भरतो. तेवढ्यावर कागदाची कमान चिकटवली.

२३ जून

पाऊस लागून आठवडा झाला. कपडे वाळत नाहीत. रेघ ६.१ किलोओहम.

इंजिन रत्नागिरीवर ठेवून वाचन: १५ तारखेला ३४१, आज ३४२. गुणोत्तराने लाज राखली. वॉर्निश मारून रेघ बंद करणं शक्य नाही, तिला इंजिन टेकायचंय, म्हणून हे महत्त्वाचं.

६ जुलै

इंजिनाखाली पितळी रिबिट लावली होती. भाचीने दोन दिवस खेळून पाहिलं आणि रेघेवर काळी धूळ, मध्ये फिकट चर. "मामा, रूळ झिजले." वाळलेला कार्बन रंग म्हणजे शेवटी घट्ट बसलेली पूडच.

पितळ काढलं. जुन्या टीव्हीच्या रिमोटमधली रबरी शीट फाडून बटणाखालची काळी कार्बनची टिकली कापून घेतली. रबरच, पण वीज नेणारं. टेकल्यावर तिचा रेझिस्टन्स काहीशे ओहम येतो. एलईडीच्या मार्गात तो नडला असता, एडीसीला त्याची दखलही नाही. टिकलीला वायर सोल्डर होत नाही, म्हणून चांदीच्या रंगाचा थेंब आणि वरून पट्टीने दाब. आठवडाभर फिरवून पाहू. चर पडलेल्या भागावर तिसरा हात दिला. तिथे रेझिस्टन्स उतरला, अंतराचं गणित किंचित वाकडं झालं. तसंही हाताने मारलेल्या रंगाची जाडी जागोजागी वेगळी असणारच, म्हणून प्रोग्राममध्ये सरळ सूत्राऐवजी स्टेशनागणिक मोजलेलं वाचन भरायचं.

१४ जुलै

झीज जवळजवळ थांबली. रबर ठेवायचं.

मागच्या बाजूचं काम. एटीटायनीच्या तीन पिनांवर चार्लीप्लेक्सिंग (थोड्या पिनांवर जास्त एलईडी चालवायची युक्ती) करून सहा एलईडी: रोहा, चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी, मडगाव, उडुपी. उरलेल्या पिनांपैकी एक इंजिनाला, एक रेघेला वीज द्यायला. तीन समांतर रेघा निकेलच्या, ५ मिलिमीटर रुंद, मध्ये तेवढंच अंतर, बोर्डाच्या लांबीभर. सर्वांत लांबच्या एलईडीला जाऊन-येऊन अडीचशे ओहम. एरवी एलईडीला रेझिस्टर लावतोच, इथे त्यातला बराचसा रंगच पुरवतो. जवळच्याला साडेतीन मिलिॲम्प, लांबच्याला दोन. डोळ्याला फरक फारसा कळत नाही.

वर पारदर्शक ॲक्रिलिक शीट स्क्रूने बसवायची आहे. निकेलने पुष्कळांच्या त्वचेला खाज सुटते, मुलांच्या हाताला उघडं निकेल लागू द्यायचं नाही. रंगवताना मीही हातमोजे घातले. वाळलेलं निकेल घासून काढायची वेळ आली तर मास्कही, ती धूळ छातीत जाऊ नये.

एलईडीचे पाय: या रंगावर सोल्डर करू नये. कथिल चिकटत नाही आणि उष्णतेने बाइंडरच जळतो. पाय वाकवून निकेलवर आडवा टेकवायचा, त्याच रंगाचा ठिपका, पूर्ण वाळू द्यायचा, मग हॉट ग्लूने पाय बोर्डाला बांधायचा. फेव्हिक्विक नको. ते इतकं पातळ असतं की ठिपक्याखाली झिरपून पाय आणि रंग यांच्यामध्ये जाऊन बसतं, आणि दिसायला सगळं जागच्या जागी असताना सांधा उघडा.

पनवेलच्या टोकापासून खालच्या डब्यापर्यंत परतीचा मार्ग साध्या वायरीने नेला. रंगाचाच हट्ट धरला असता तर निकेलचे दीडशे ओहम आले असते, आणि ते दमट हवेत कार्बनबरोबर बदलले नसते.

२७ जुलै

प्रोग्राम. एटीटायनी झोपलेला. वॉचडॉग, म्हणजे चिपमधला गजर, अर्ध्या सेकंदाने उठवतो, रेघेला दोन मिलिसेकंद वीज, एक वाचन, इंजिन नसेल तर पुन्हा झोप. सेलमधून सरासरी ८ मायक्रोॲम्प. त्यातले दोन-अडीच रेघेचे. या वेगाने सेल तीन वर्षं ओढेल, त्याला संपवतील ते मुलांनी पेटवलेले एलईडीच.

१० ऑगस्ट

वाचनालयात टांगला. पाठ भिंतीला टेकू नये म्हणून चारही कोपऱ्यांना इंचभर लाकडी ठोकळे. बाईंनी पहिल्यांदा इंजिन सावंतवाडीवर ठेवलं, दिवा लागला. मग चौथीतल्या एका मुलाने ते सावंतवाडी आणि मडगाव यांच्या मधोमध ठेवून विचारलं, "इथे कुठलाच का नाही लागत?" तिथे थिवी-करमळी आहेत, त्यांना एलईडी नाहीत. एटीटायनी८४ ला पिना जास्त असतात, नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत तो.

शिलकीची नोंद: कार्बनची बाटली अर्धी उरली, झाकणाखाली प्लास्टिक लावून घट्ट बंद केली. निकेल तळाशी बसलंय, पुढच्या वेळी दहा मिनिटं ढवळल्याशिवाय ब्रश बुडवायचा नाही. चांदीचे सगळे मिळून नऊ-दहा थेंब लागले. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की रेघेचा रेझिस्टन्स आणि सहाही स्टेशनांची वाचनं पुन्हा घ्यायची.